काळी माती आणि काळी सडक

वऱ्हाडची काळी माती कापसाला जितकी मानवते, तितकी सडकेला मानवत नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला भेगा पडतात. पायाखालची जमीनच अशी दरवर्षी वरखाली होऊ लागली, म्हणजे वरचा डांबरी थर कितीही चांगला असला तरी तो तडकल्यावाचून राहत नाही. म्हणून अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत सडक बांधणाऱ्या अभियंत्याला प्रथम मातीची ओळख करून घ्यावी लागते.

सडक वरून एकसंध दिसत असली, तरी ती अनेक थरांची असते. काळी माती काढून तिच्या जागी मुरूम भरतात, किंवा तीत चुना मिसळून तिचा फुगण्याचा गुण कमी करतात. त्यावर खडीचे थर घालून ते रुळाने घट्ट दाबतात व शेवटी डांबर आणि खडी यांचे गरम मिश्रण पसरतात. गाडीच्या चाकाचा भार या थरांतून पसरत पसरत खाली जातो. त्यामुळे मातीपर्यंत तो पोहोचतो तेव्हा बराच हलका झालेला असतो.

मिश्रणात डांबर किती असावे? ते कमी पडले तर खडी सुटते. अधिक झाले तर वैशाखाच्या उन्हात सडक मऊ पडून तीवर चाकोऱ्या उमटतात. हे प्रमाण ठरविण्याची एक कसोटी अमेरिकेतील ब्रूस मार्शल या अभियंत्याने १९३९ च्या सुमारास शोधून काढली. प्रयोगशाळेत गरम मिश्रण साच्यात घालून ठोकतात. त्याची सुमारे १० सेंटिमीटर रुंदीची वडी तयार होते. ती ६० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात अर्धा तास ठेवून यंत्राखाली दाबतात. वडी किती भार सोसते आणि मोडण्यापूर्वी किती दबते, हे पाहून डांबराचे योग्य प्रमाण निश्चित होते.

या शास्त्राचा प्रत्यय वऱ्हाडात २०२२ साली आला. अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ३ जूनच्या सकाळी काम सुरू झाले आणि ७ जूनच्या सायंकाळी संपले. १०५ तास ३३ मिनिटांत एका पदरीच्या ७५ किलोमीटर लांबीवर अखंड डांबरी थर घातला गेला. हा जागतिक विक्रम ठरला. त्यासाठी ७२० माणसे अहोरात्र राबली. एकूण ३६,६३४ टन मिश्रण लागले. त्यात डांबर होते २,०७० टन, म्हणजे शंभरांत सहा भागांहूनही कमी! मिश्रण निवले की ते नीट दबत नाही. म्हणून ते तयार करणे, वाहून आणणे, पसरणे आणि त्यावर रूळ फिरविणे या कामांची साखळी एक क्षणही तुटू न देणे आवश्यक होते.

परंतु सडक बांधून झाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. पाणी हा सडकेचा मोठा शत्रू आहे. बारीकशा भेगेतून ते आत शिरते. वरून चाक गेले की ते दाबले जाते आणि खडीवरचे डांबर सुटू लागते. मग खडी निखळते व खड्डा पडतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दुचाकीस्वाराला दिसत नाही, आणि क्षणात त्याच्या जिवावर बेतते. असा खड्डा ओला असताना नुसती खडी टाकून बुजविला, तर तो पुन्हा उघडा पडतो. त्यातील पाणी व सुटी खडी काढून, कडा सरळ कापून, डांबराचा हात देऊन मगच गरम मिश्रण भरावे आणि घट्ट दाबावे लागते. याहून सोपा उपाय म्हणजे भेग लहान असतानाच ती बुजविणे आणि कडेची गटारे व मोऱ्या मोकळ्या ठेवणे.

ज्या दिवशी तो विक्रम पुरा झाला, तेव्हा मृग नक्षत्र तोंडावर आले होते. मृगापूर्वी शेतकरी जसे शेत तयार ठेवतो, तशीच सडकही दरवर्षी तयार ठेवावी लागते. विक्रम एकदाच होतो. निगा मात्र दरवर्षी राखावी लागते, आणि तिच्यावरच प्रवाशाचे प्राण अवलंबून असतात.