अंगणवाडी, शाळा आणि ग्रामपंचायत

आपल्याकडील कित्येक खेड्यांत प्राथमिक शाळा आणि अंगणवाडी एकाच कुंपणाच्या आत असतात. पाण्याची टाकी एक, चिंचेची सावली एक, आणि पुष्कळदा भाऊ शाळेत व बहीण अंगणवाडीत असल्यामुळे घरही एकच. परंतु शाळेवरची पाटी एका खात्याची असते आणि अंगणवाडीवरची दुसऱ्या खात्याची. तीन ते सहा वर्षे वयाचे मूल या दोन पाट्यांच्या मधल्या जागेत वाढत असते. त्याच्या वाढीची जबाबदारी नेमकी कोणाची, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न दिसावयास निव्वळ कारभाराचा दिसतो. त्याचे परिणाम मात्र मुलाच्या वजनावर आणि पहिल्या इयत्तेतील त्याच्या हजेरीवर होतात.

'अंगणवाडी' हा शब्द आज साऱ्या भारताचा झाला आहे. पंजाबात तो ऐकू येतो, केरळात ऐकू येतो. सरकारी इंग्रजीनेही तो जसाच्या तसा उचलला आहे. परंतु तो घडला आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शहरातील बालमंदिराची सुबक लाकडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, आणि खेड्यातील मूल ठरलेल्या वेळी आंघोळ करून बालवाडीत येऊन बसेल, अशी अपेक्षा करणेही व्यर्थ होते. तेव्हा मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असा सरळ विचार त्यांनी केला. शंख, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले.

कोसबाडला जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. वारली मुले, विशेषतः मुली, शाळेत का टिकत नाहीत याचा शोध घेता असे आढळले, की आईबाप कामावर गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम या आठ-नऊ वर्षांच्या मुलींकडेच असते. कडेवरचे मूल खाली ठेवल्यावाचून तिच्या हाती पाटी येणे शक्य नव्हते. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली व त्या योजनेला 'विकासवाडी' असे नाव दिले. मोठी बहीण धाकट्याला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि स्वतः वर्गात जाऊन बसे. म्हणजे लहान मुलांची सोय ही शाळेवर केलेली कृपा नव्हती. तिच्यावाचून शाळाच चालणे कठीण होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जात, तीही याच विचाराची पुढची पायरी होय.

पुढे सरकारने हे काम हाती घेतले तेव्हा त्याचा व्याप वाढला, आणि एक गोष्ट वाटेत राहून गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्याकडे पाठवणी, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि मुलांना शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा तिने एकत्र बांधल्या. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीला मागणी केल्यास अंगणवाडी मिळालीच पाहिजे, असे ठरवून दिले. हे सर्व मोठे काम आहे आणि त्याला कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु कोसबाडला एका आवारात आलेली शाळा व बालवाडी या योजनेत पुन्हा दुरावली. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे गेली, शाळा शिक्षण खात्याकडे राहिली. सहा सेवांपैकी पाच आहार व आरोग्याच्या असल्यामुळे सहावी, म्हणजे शिक्षण, मागच्या बाकावर जाऊन बसली.

दुरावा केवळ खात्यांचा नाही, दर्जाचाही आहे. शिक्षक वेतनश्रेणीत असतो. अंगणवाडी सेविका मानधनावर असते. शाळेच्या शिक्षकाला सुट्ट्या असतात. सेविकेने वर्षातून ३०० दिवस आहार द्यावयाचा असतो. वजने घ्यावयाची, गृहभेटी द्यावयाच्या, नोंदी भरावयाच्या, २०२१ पासून मोबाईलवरील 'पोषण ट्रॅकर'मध्येही त्या चढवावयाच्या, आणि उरलेल्या वेळात गाणी व खेळ घ्यावयाचे. सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे हे मान्य व्हावयास सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ मधील निकाल यावा लागला. एकाच कुंपणात काम करणाऱ्या दोन व्यक्तींमध्ये इतके अंतर असताना 'सहकार्य करावे' असे परिपत्रकात लिहिणे सोपे असते, एवढेच म्हणतो. अशी परिपत्रके मीही काढली आहेत.

आता कायद्याची बाजू थोडक्यात. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचा संकल्प होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, आणि सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ४५ व्या अनुच्छेदात आले. एकाला हक्क, दुसऱ्याला प्रयत्न. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था सरकारला 'करता येईल' इतकेच म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मात्र तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला. त्यात पहिली तीन वर्षे अंगणवाडीची किंवा बालवाटिकेची, नंतरची दोन पहिली व दुसरीची. कागदावर कुंपण निघाले, असे म्हणावयास हरकत नाही.

कुंपण जमिनीवरून काढावयाचे तर ते कोणी काढावे? येथे स्थानिक स्वराज्य संस्थांचा संबंध येतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत प्राथमिक शिक्षण आहे, आरोग्य व स्वच्छता आहे आणि महिला व बालविकासही आहे. मंत्रालयात तीन मजल्यांवर विखुरलेले हे विषय पंचायतीच्या दप्तरात मात्र एकाच ठिकाणी येतात. महाराष्ट्रात तर १९६२ पासून जिल्हा परिषदा शाळा चालवीत आल्या आहेत. ग्रामीण भागातील अंगणवाड्यांची देखरेखही त्यांच्याकडेच आहे. शिक्षणाधिकारी आणि बालविकासाचे अधिकारी दोघेही एकाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करतात. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी व बालविकास प्रकल्प अधिकारी, त्याखाली केंद्रप्रमुख व पर्यवेक्षिका, अशी दोन शिड्या शेजारी शेजारी लावल्यासारखी रचना आहे. दोष इतकाच, की प्रत्येक जण आपल्या शिडीच्या वरच्या पायरीकडे पाहतो. शेजारच्या शिडीकडे पाहण्याचा प्रघात नाही.

एका जिल्ह्यात असताना मी एक गाव पाहिले. शाळेचा पट घटल्यामुळे तेथे दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात भरत होती. सभामंडपात भजन असले की त्या दिवशी मुले घरी. खोली देण्यास मुख्याध्यापकांची ना नव्हती. परंतु खोली शिक्षण विभागाच्या मालमत्तेच्या नोंदीत, वीजबिल कोण भरणार हे ठरलेले नाही, आणि आहार शिजविताना काही झाले तर उत्तर कोण देणार याची भीती. कागद तालुक्याला जात होता आणि परत येत होता. शेवटी ग्रामपंचायतीने ठराव केला, वीजबिल आपल्या अंगावर घेतले, खोलीच्या मागे एक छप्पर घालून दिले, आणि अंगणवाडी तिकडे गेली. वरिष्ठांकडून एकही नवा आदेश त्यासाठी लागला नाही. सरपंचबाई स्वतः पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या, हे त्यामागचे खरे कारण असावे असा माझा समज आहे.

जागेचा प्रश्न सुटला की काम संपत नाही. उलट खरे काम तेथून सुरू होते. मुलाचा जन्म ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदला जातो. वजन-उंचीची नोंद सेविकेकडे होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासते. एखाद्या मुलीला ऐकू कमी येते, एखाद्या मुलाचे वजन दोन वर्षे रेंगाळले होते, हे सेविकेला ठाऊक असते. जून महिन्यात ते मूल चार पावले चालून शाळेत जाते आणि ही सर्व माहिती मागे राहते. पहिलीच्या शिक्षकाला ते मूल कोरे भेटते. ऐकू न येणाऱ्या मुलीला तो मंद समजतो. हे टाळण्यासाठी पैसा लागत नाही; मे अखेरीस सेविका आणि पहिलीचे शिक्षक यांनी एक दुपार एकत्र बसून एकेका मुलाविषयी बोलणे लागते. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. मातांचे गट त्यांत सामील होतात आणि आईच्या हाती मुलाचे प्रगतिपत्रक पडते. ती रीत चांगली आहे. मेळाव्याची छायाचित्रे काढण्याइतकाच वेळ त्या पत्रकांचे पुढे काय होते हे पाहण्यात गेला, तर अधिक चांगले.

समित्यांविषयी एक शब्द. गावात शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात. आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता यांची समिती निराळी. अंगणवाडीची देखरेख करणारी आणखी एक. लहान गावात या तिन्ही समित्यांवर त्याच पाच-सहा बाया असतात आणि तीन वेळा त्यांची मजुरी बुडते. त्यांना एका दिवशी एकत्र बसवावे, इतिवृत्ते हवी तर तीन लिहावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. ती पुष्कळदा मार्च महिन्यात घाईने वस्तू खरेदीत जाते. शाळेचे आणि अंगणवाडीचे मिळून काय अडते हे या एकत्र बैठकीत ठरले, तर लहान मुलांच्या उंचीचे शौचालय, हात धुण्याची जागा, पावसाळ्यात न गळणारे छप्पर, अशा गोष्टी त्याच पैशातून होतात.

शाळा आणि अंगणवाडी जवळ येण्यात एक धोकाही आहे, तो स्पष्ट सांगितला पाहिजे. पंजाब सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत पूर्वप्राथमिक वर्ग उघडले, तेव्हा आपली मुले शाळेने पळविली अशी तक्रार घेऊन अंगणवाडी सेविका रस्त्यावर आल्या. तामिळनाडूने २०१९ मध्ये निराळी वाट धरून सरकारी शाळांच्या आवारातील २,३८१ अंगणवाड्यांतच बालवर्ग सुरू केले. केरळात अंगणवाड्यांची जबाबदारी नव्वदीच्या दशकातच ग्रामपंचायतींकडे सोपविली गेल्यामुळे तेथे पंचायत या कामात आधीपासून मुरलेली आहे. मला स्वतःला एकाच मुलासाठी दोन वर्ग चालविणे हा सरळ अपव्यय वाटतो. पूर्वप्राथमिक वर्ग शाळेत उघडल्यावर ज्या मुलाला तेथे प्रवेश मिळतो त्याचा अंगणवाडीतला गरम आहार आणि वजनाची नोंद सुटण्याची भीती असते, हे विसरून चालणार नाही. भूक आणि बाराखडी यांची अशी वाटणी करता येत नाही.

दुसरा धोका अध्यापनाचा. शाळेचा शेजार लाभला की अंगणवाडीही शाळेसारखी होऊ पाहते. चार वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी येते, त्याने मुळाक्षरे गिरवावी अशी घाई होते. आईबापांनाही त्यात समाधान वाटते, कारण शेजारच्या इंग्रजी शाळेत तेच चालते. वास्तविक ओघ उलट दिशेने वाहावा. स्वीडनने १९९६ मध्ये बालसंगोपन शिक्षण मंत्रालयाकडे आणले. तेथे बालशाळा नगरपालिकांच्याच कक्षेत असतात, आणि बालशाळेची खेळती रीत शाळेच्या पहिल्या वर्गांत शिरावी असा हेतू त्या वेळी बोलून दाखविला गेला होता. आपल्याकडे २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय आराखड्यात खेळ, गोष्टी, गाणी यांना पहिली-दुसरीतही स्थान दिले आहे. म्हणजे पहिलीच्या शिक्षकाने अंगणवाडीत जाऊन बसावयाचे आहे, सेविकेने शाळेत जाऊन नव्हे. हा बदल शिक्षकांना जड जाईल, कारण दर्जाच्या शिडीवर ते स्वतःला वरचे समजतात.

शहरांची गोष्ट वेगळी आहे. तेथे शाळा महानगरपालिकेची, अंगणवाडी राज्याच्या आयुक्तालयाखालची, आणि पालिकेच्या स्वतःच्या बालवाड्या असल्यास त्या तिसऱ्या. झोपडपट्टीत भाड्याच्या दहा फुटी खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला पालिकेच्या शाळेतील मोकळी खोली मिळवून देणारा एकही अधिकारी असा नसतो, की ज्याच्या हाताखाली दोघेही आहेत. २०२५ मध्ये केंद्राच्या दोन्ही मंत्रालयांनी अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणण्याविषयी संयुक्त मार्गदर्शक सूचना दिल्या. खेड्यात त्यांची अंमलबजावणी जिल्हा परिषदेच्या एका टेबलावर होऊ शकते. शहरात ते टेबल अद्याप मांडावयाचे आहे. पालिका आयुक्तांनी दर महिन्याला प्रभागातील मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षिका यांना एकत्र बोलावून रिकाम्या खोल्यांची यादी समोर ठेवली, तर सुरुवात तेथून होईल.