विद्यार्थ्यांचें आरोग्य-संशोधन आणि आपला बांध

शेतीच्या मासिकांत विद्यापीठाच्या प्रदर्शनाची हकीकत कशासाठीं, असें कांहीं वाचकांस वाटेल. भाताचें बीं, राब, खत, तुडतुडे यांविषयीं लिहावयाचें सोडून हा सेवानिवृत्त कारकून भलत्याच वाटेस लागला, असेंही कोणी म्हणेल. त्यांस माझें इतकेंच सांगणें आहे कीं, त्या प्रदर्शनांत मीं जो विषय पाहिला तो आपल्याच खाचरांतील चिखलांतून वर आलेला होता, आणि त्यांत जी चूक झाली तीही आपल्याच दारांत झालेली होती. सबब हा मजकूर शेतकरी बंधुभगिनींपुढें ठेवणें मला अवश्य वाटतें.

प्रथम प्रदर्शनाविषयीं. महाराष्ट्रांतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठीं ‘आविष्कार’ नांवाचें संशोधन-संमेलन २००६ सालापासून भरत आलें आहे. त्यांत सहा शाखा आहेत: भाषा, मानव्यविद्या व ललितकला, वाणिज्य, व्यवस्थापन व कायदा, शुद्ध विज्ञान, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रविद्या, आणि वैद्यक व औषधनिर्माण. ठाणें, कल्याण, डोंबिवली या भागांतील महाविद्यालयें १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. तेथील मुलें आधीं आपल्या विभागाच्या फेरींत उतरतात. तेथें निवड झाल्यास विद्यापीठाच्या फेरींत, आणि त्यापुढें राज्याच्या संमेलनांत जातात. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था मात्र १९९८ सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे मोडतात. तथापि आरोग्याचा विषय केवळ होऊं घातलेल्या डॉक्टरांनींच घ्यावा असें नाहीं; साध्या विज्ञान महाविद्यालयांतील मुलगीही तो घेऊं शकते.

प्रदर्शनाची रीत सोपी आहे. विद्यार्थ्यानें आपला विषय, हेतु, पद्धति, मिळालेले आंकडे व निष्कर्ष एका मोठ्या फलकावर मांडावयाचे आणि त्याजवळ उभें राहावयाचें. परीक्षक येतात, थोडक्यांत ऐकून घेतात व प्रश्न विचारतात. फलक कितीही सुरेख असला तरी खरी परीक्षा त्या प्रश्नांत होते.

माझी पुतणी कल्याणच्या एका महाविद्यालयांत विज्ञान शिकते. आमचें गांव मुरबाड तालुक्यांत. ती रोज एस्.टी.नें जाऊन येऊन शिकते. दोन वर्षांपूर्वीं ऐन आवणीच्या दिवसांत तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधु, तापानें आजारी पडले. अंग ठणकत होतें, पोटऱ्यांस हात लावूं देत नव्हते, डोळे लाल झाले होते. पावसाचा ताप, उतरेल दोन दिवसांत, असें म्हणून आम्हीं काढा व तापाच्या गोळ्या यांवर चार दिवस घालविले. पांचव्या दिवशीं डोळ्यांत पिवळेपणा दिसला व लघवी कमी झाली, तेव्हां त्यांस कल्याणास नेलें. लेप्टोस्पायरोसिस असें निदान झालें. बंधु वांचले, परंतु मूत्रपिंडास इजा झाल्यामुळें त्या वर्षाची कापणी त्यांनीं ओटीवर बसून पाहिली. उशीर केला तो आम्हीं घरच्यांनींच. त्यांत दुसऱ्या कोणाचा दोष नव्हता.

हा रोग एका सूक्ष्म, पिळदार जंतूमुळें होतो. उंदीर, गुरें, कुत्रीं, डुकरें यांच्या मूत्रांतून तो पाण्यांत व ओल्या मातींत उतरतो. आणि पायाच्या भेगा, खरचटलेली किंवा भिजून मऊ झालेली कातडी, अथवा डोळे, नाक, तोंड यांच्या नाजुक आवरणांतून शरीरांत शिरतो. त्यानंतर ताप येण्यास बहुधा पांच ते चौदा दिवस लागतात. म्हणजे ताप येतो तेव्हां कित्येकदां आवणी आटोपलेली असते, आणि ताप व चिखल यांचा संबंध मनांत येत नाहीं. आरंभींच औषध मिळालें तर रोग बहुधा साध्या प्रतिजैविकांनीं बरा होतो; दिवस गेले तर यकृत, मूत्रपिंड व फुफ्फुस यांवर बेततें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास नदीचें पाणी कल्याणांत शिरलें, आणि पुढील आठवड्यांत मुंबईंत या रोगाची मोठी सांथ आली. तेव्हांपासून शहरवासी या रोगाचें नांव जाणतात. शहरचा मनुष्य पुराच्या पाण्यांतून वर्षांत एकदां जातो. आपण तर सारा आषाढ त्यांत उभे असतों.

वडिलांच्या दुखण्यावरून पुतणीनें हाच विषय घेतला. मागील पावसाळ्यांत घरांत कोणास ताप आला होता काय, कितव्या दिवशीं डॉक्टरकडे गेलां, चिखलांत काम केल्याचें डॉक्टरांस सांगितलें होतें काय, असे प्रश्न तयार करून, शिक्षकांची संमति घेऊन ती जुलै महिन्यांत गांवांत घरोघर फिरली. उत्तरांवरून निष्कर्ष असा निघाला कीं, गांवांत ताप फारसा नाहीं व ज्यांस येतो ते लौकर डॉक्टरकडे जातात. आम्हां सर्वांस तो ऐकून बरें वाटलें. डिसेंबरांत विभागाच्या फेरीस मी तिजबरोबर गेलों होतों व थोडा मागें उभा होतों.

एका परीक्षकांनीं फलक शांतपणें वाचला आणि विचारलें, “तूं घरोघर गेलीस ती वेळ कोणती?”

“दुपारची, सर. अकरा ते तीन.”

“जुलैंत, दुपारीं, घरीं कोण होतें?”

ती थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “म्हातारीं माणसें आणि लहान मुलें. बाकी सगळे आवणीला गेले होते.”

“म्हणजे चिखलांत उतरणाऱ्यांपैकीं किती जण तुझ्या यादींत आहेत?”

तिनें फलकाकडे पाहिलें व म्हटलें, “सर, माझे बाबासुद्धां या यादींत आले नसते.”

तिची पुढच्या फेरीसाठीं निवड झाली नाहीं, व तें योग्यच होतें. परतीच्या गाडींत ती खिन्न होती. मी मात्र दुसऱ्याच विचारांत होतों. माझें शिक्षण मराठी शाळेपुरतें; पुढील जें कांहीं शिकलों तें महसुलाच्या दप्तरांत. तेथें गांव नमुना बाराचे किती तरी तक्ते माझ्या हाताखालून गेले. बांधावर न जातां चावडींत बसून भरलेली पीक-पाहणी मीं पाहिली आहे. अक्षर वळणदार, बेरीज बिनचूक. पण ज्या नंबरांत भात बुडालें होतें तो नंबर पड म्हणून लिहिलेला. अशा एका नोंदीमुळें एका शेतकऱ्याचा नुकसानभरपाईचा अर्ज फेटाळला गेला. त्या नोंदीची नक्कल माझ्या हातची होती. शंका आली असूनही मीं वर लिहिलें नाहीं, ही रुखरुख अद्याप गेलेली नाहीं. २०२१ सालापासून शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून फोनवर छायाचित्रासह नोंद करण्याची ई-पीक पाहणी सुरू झाली, तिचें मर्म हेंच कीं नोंद बांधावर व्हावी. आरोग्याच्या आंकड्यांसही हाच न्याय लागू आहे. चुकीच्या तक्त्यानें भरपाई बुडते. चुकीच्या आरोग्य-तक्त्यानें ‘येथें रोग नाहीं’ असें ठरतें, आणि मग तेथें औषधही येत नाहीं.

उलट पक्षीं, बांधावर केलेली नोंद काय करूं शकते याचें उदाहरण आपल्याच कोकणांत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं महाडनजीक बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. भात कापतांना, गवताचे भारे उचलतांना, लांकडें काढतांना लाल विंचू चावलेले कुणबी व त्यांचीं मुलें तेथें येत आणि कित्येक दगावत. त्या काळीं मोठ्या ग्रंथांत या दंशाचा उपाय सांपडत नव्हता. डॉक्टरांनीं रोग्याच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद ठेविली, आणि मृत्यु हृदय व फुफ्फुस यांवर विषाचा ताण आल्यानें होतो हें ओळखलें. त्यांचें निरीक्षण १९८२ सालीं विलायतेंतील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. पुढें रक्तदाबावरील प्रॅझोसिन हें स्वस्त औषध त्यांनीं वापरलें, आणि गंभीर रोग्यांपैकीं जेथें शंभरांत सुमारें तीस मरत तेथें तें प्रमाण एकाच्या आसपास आलें. तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं रोग्यांचे दोन गट करून, एकास केवळ प्रॅझोसिन व दुसऱ्यास त्याबरोबर विंचवाची प्रतिविष लस देऊन तुलना केली. ती २०११ सालीं प्रसिद्ध झाली, व लस घेणारे अधिक लौकर बरे होतात असें दिसून आलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. या साऱ्याचें मूळ आपल्यासारख्याच शेतकऱ्यांच्या अंगावरील दंशांत व त्यांच्या खऱ्या जबानींत होतें.

तेव्हां वाचकहो, उद्या ठाण्याचा किंवा डोंबिवलीचा एखादा विद्यार्थी कागद घेऊन आपल्या ओटीवर आला तर काय करावें? त्यास परतवूं नये, आणि डोळे मिटून उत्तरेंही देऊं नयेत. पहिली गोष्ट, हें कशासाठीं व कोणाच्या परवानगीनें चाललें आहे तें विचारावें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नियमांप्रमाणें, आपणांस समजेल अशा भाषेंत माहिती देऊन आपली संमति घेणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे, आणि मधेंच नाहीं म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे. रक्त किंवा लघवी मागितल्यास तर नीतिसमितीची मंजुरी आहे काय हें अवश्य विचारावें. दुसरी गोष्ट, कोणाकोणास विचारलें व कोण राहून गेलें तें पाहावें. शेतावर गेलेले गडी, आवणीस आलेल्या बायका, पाड्यावरचे मजूर यादींत नसतील तर विद्यार्थ्यास सांगावें, “पोरा, संध्याकाळीं ये.” तिसरी गोष्ट, उत्तर खरें द्यावें. लाजेखातर ‘ताप आला नाहीं’ किंवा ‘दुसऱ्याच दिवशीं दवाखान्यांत गेलों’ असें सांगणें म्हणजे आपणच चावडींत बसून तक्ता भरणें होय. चौथी गोष्ट, काय निघालें तें गांवास परत येऊन सांगण्याचें वचन घ्यावें. प्रदर्शन संपलें कीं फलक गुंडाळला जातो. गांवास त्याची वार्ताही नसते. ज्यांच्या घरून माहिती गेली त्यांच्या घरीं ती परत आली पाहिजे.

पुतणीनें तसें केलें. पौष-माघांत दिवेलागणीनंतर ती पुन्हां घरोघर फिरली. या वेळीं चिखलांत उतरणाऱ्यांची यादी आधीं केली, व जो भेटला नाहीं त्याच्याकडे दुसऱ्यांदा गेली. पहिल्या तक्त्यांत नसलेले ताप दुसऱ्यांत निघाले, आणि तीन-चार दिवस घरींच काढणारे आमचेंच एक घर नव्हतें. १ मेच्या ग्रामसभेंत तिनें हें सारें वाचून दाखविलें. आपली पहिली चूकही तिनें सांगितली. लोकांनीं तें निमूटपणें ऐकलें, आणि मग एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “आतां आमचं पण खरं लिही,” व त्यांनीं दुपारीं सांगितलेलें उत्तर बदललें.

आतां मृग लागला आहे. थोड्याच दिवसांत आवणी येईल. तेव्हां ग्रामसभेंत जें ठरलें तें येथें देतों. पायास जखम असेल तर ती झांकून, शक्य तर गमबूट घालूनच खाचरांत उतरावें. ज्यास तें टाळतां येत नाहीं त्यानें प्रतिबंधक गोळीविषयीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत विचारावें. स्वतःच्या मनानें घेऊं नये, कारण ती गर्भिणीस व लहान मुलांस चालत नाहीं. चिखलांत काम केल्यावर महिन्याभरांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर दुसरा दिवस उजाडूं न देतां डॉक्टरकडे जावें, आणि त्यांनीं विचारण्याची वाट न पाहतां आपण होऊन सांगावें: “मी आवणीच्या चिखलांत उतरलों होतों.” आमच्या घरून हें वाक्य चार दिवस उशिरां सांगितलें गेलें. आपल्या घरून तें पहिल्या दिवशीं सांगितलें जावें, एवढ्यासाठींच हा लेख.