एका थेंबाची परीक्षा

इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या १८६८च्या उद्रेकानंतर नेपल्सचे खनिजतज्ज्ञ आर्कान्जेलो स्काक्की यांनी तिथल्या तप्त भेगांतल्या तांबेयुक्त खनिजांचा अभ्यास केला. त्यांतले एक चाल्कोसायनाइट, म्हणजे तांब्याचे निर्जल सल्फेट. रशियातल्या कामचात्कामध्ये तोल्बाचिक ज्वालामुखीवरही ते मिळते. तिथला १९७५-७६चा उद्रेक थांबून दशके लोटली, तरी काही भेगांत चारशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान मोजले गेले आहे.

भूविज्ञान शिकवताना मला या खनिजाचे फार अप्रूप वाटते, कारण आपण सगळे त्याच्या भावंडाला ओळखतो: बागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तो मोरचूद. मोरचुदाचे खडे परीक्षानळीत तापवले की पाणी निघून जाते आणि पांढरट भुकटी उरते. तिच्यावर पाणी पडले की निळाई परत येते. ज्वालामुखीच्या भेगेत हीच निर्जल अवस्था आपोआप घडते. वायूंबरोबर तांबे आणि गंधक वर येतात, त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि भिंतींवर सल्फेटचे थर बसतात. खडक तापलेला असेपर्यंत ते टिकतात. पावसात विरघळून जातात. आपल्या दख्खनच्या लाव्हावर असे थर बसले असले, तरी सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या पावसात ते उरणे शक्य नाही.

म्हणून जागेवर ओळख पटवताना आधी भेगेचे तापमान आणि कोरडेपणा नोंदवायचा. मग भिंगातून रंग पाहायचा. ताजे चाल्कोसायनाइट रंगहीन, फिकट हिरवे किंवा पिवळसर असते. शेजारी बसणारे युक्लोरिन गर्द हिरवे, तर डोलेरोफनाइट तपकिरी. मग कणभर तुकडा पांढऱ्या फरशीवर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. तो निळा झाला, तर संशयाला बळकटी येते. त्याच द्रावणात घासलेला लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांबूस थर चढतो, म्हणजे तांबे नक्की. चव मात्र कधीही घ्यायची नाही. तांब्याचे सल्फेट विषारी असते. उरलेला नमुना लगेच सिलिका जेल घातलेल्या घट्ट बाटलीत बंद करायचा. कापडी पिशवीत दमट हवेत राहिला, तर प्रयोगशाळेत मोरचूदच पोहोचेल. शेवटचा निकाल क्ष-किरण तपासणीचा.

वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट हाती घेऊन विद्यार्थी विचारतात, “मॅडम, निळा आहे, म्हणजे तांब्याचा ना?” नाही. त्याची निळाई व्हॅनेडियमची आहे, तो सिलिकेट आहे आणि पाण्यात विरघळत नाही. नुसत्या रंगावरून खनिज ठरवू नये, ते यासाठी.

तुम्ही कुठेही दगड गोळा करत असाल, तर उचलण्याआधी जागा, तारीख, ओल आणि आजूबाजूचा खडक वहीत लिहा. नोंद नसलेला नमुना कितीही देखणा असला, तरी अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.