सीट कोण काढील?

निवडणूक जवळ आली की आमच्या नरसी नामदेवच्या पारावर एकच प्रश्न असतो : तिकीट कोणाला? त्यातही माणूस चांगला कोण, हे नंतर. आधी, ‘सीट कोण काढील?’ पक्षवाले यालाच ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणतात.

मी पूर्वी एका पक्षाचे काम करीत असे. इच्छुकांच्या मुलाखती चालू होत्या, आम्ही बाहेर सतरंजीवर बसलो होतो. आमचा माणूस बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘जात विचारली, खर्च किती कराल ते विचारले. कामाचे काहीच विचारले नाही.’’ त्या दिवसापासून ही क्षमता मोजतात कशी, याचे मला कोडे आहे.

आमच्या हिंगोली लोकसभा मतदारसंघाकडेच पाहा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, नांदेडकडचे हदगाव व किनवट आणि यवतमाळचे उमरखेड अशा सहा विधानसभा त्यात येतात. २००९ साली शिवसेनेचे सुभाष वानखेडे निवडून आले. २०१४ मध्ये तेच, खासदार असताना, काँग्रेसच्या राजीव सातव यांच्याकडून अवघ्या १,६३२ मतांनी हरले. २०१९ मध्ये तेच काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि अडीच लाखांहून अधिक मतांनी पडले. माणूस एकच, निकाल तीन!

२०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेने विद्यमान खासदार हेमंत पाटील यांचे नाव जाहीर केले. मित्रपक्षाचा विरोध होताच ते बदलून बाबूराव कदम कोहळीकर यांना तिकीट दिले. ठाकरे यांच्या शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर यांनी त्यांना लाखाहून अधिक मतांनी हरविले. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात हेच कोहळीकर हदगावमधून आमदार झाले. मग त्यांच्यात क्षमता होती की नव्हती?

माझ्या मते, ही क्षमता एकट्या माणसाच्या अंगी नसते. ती मतदारसंघाचा पसारा, समोरचा उमेदवार, मते खाणारा तिसरा, मित्रपक्षाचे मन आणि त्या वर्षीची हवा यांवर ठरते. एका विधानसभेतले वजन सहा ठिकाणी पुरेलच असे नाही. तेव्हा पक्षांनी बंद खोलीत खर्चाचा आकडा विचारण्यापेक्षा बूथवरच्या कार्यकर्त्याला विचारावे. हवा दर वेळी बदलते. गावात कोण येतो-जातो, हे मात्र त्याला पाठ असते. आणि सीट निघाली तरी पुढची पाच वर्षे त्या माणसाचे दार आम्हालाच ठोठवायचे असते.