गोलघुमटात हळू बोला

विजापूरच्या गोलघुमटाचा अरुंद जिना चढून माणूस धापा टाकत सज्जात पोचतो आणि आधी काय करतो, तर ओरडतो. शेजारचा शिट्टी मारतो, सहलीची पोरं टाळ्या पिटतात. घुमट प्रत्येकाचं म्हणणं परत करतो, तेही सात-सात, दहा-दहा वेळा. या गलक्यात बुडून जाते ती वास्तूची खरी करामत: कुजबुज.

भिंतीशी तोंड नेऊन कुणी हलकेच बोललं, की जवळपास 38 मीटरवर, अगदी समोरच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्या माणसाला ते कळतं. आणि बोलणारा समोर आहे असं वाटतच नाही. तो इथंच, कानाशी दडलाय असा भास होतो! कारण हा आवाज मधल्या पोकळीतून येत नाही. तो गोल भिंतीच्या कडेकडेनं वळत येतो. मोकळ्यावर आवाज चहूकडे पसरून विरतो. इथं भिंत त्याला तेवढं पसरू देत नाही. कुजबुजीतले उंच, सळसळते ध्वनी तर भिंतीला अधिकच बिलगून जातात, त्यामुळे खर्जातला दणदणीत आवाज इथं उपयोगाचा नाही.

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधलं हेच कोडं लॉर्ड रॅले यांनी सोडवलं. 1921 मध्ये सी. व्ही. रामन यांनी तिथं प्रयोग केले आणि पुढच्याच वर्षीच्या लेखात मुहंमद आदिलशहाच्या या मकबऱ्याचाही विचार केला.

प्रतिध्वनीची गोष्ट वेगळी. तिथं निम्मं काम कानाचं असतं. आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीही आवाज परत पाठवतातच, पण सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत आलेला परतीचा आवाज कान मूळ आवाजातच जिरवून टाकतो. हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये हा परिणाम तपशिलात मांडला. गोलघुमटात मात्र समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन-येऊन 76 मीटर होतात. सेकंदाला 340 मीटरच्या वेगानं त्याला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. एवढा उशीर कान खपवून घेत नाही. त्याला दुसराच कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून सज्जात गर्दी नसताना जावं. एकानं भिंतीशी कागद टराटरा फाडावा, दुसऱ्यानं पलीकडे डोळे मिटून ऐकावं. जिन्यातून पुढची सहल वर येईपर्यंत तेवढा वेळ मिळतो.