बाबांच्या कॅमेऱ्याची कडी फिरेना!

कपाट आवरताना कापडात गुंडाळलेला जुना कॅमेरा हाती येतो. मुले कौतुकाने तो डोळ्याला लावतात, पण लेन्सची कडी काही केल्या फिरत नाही. मग कुणीतरी म्हणते, ‘‘दोन थेंब तेल सोडा!’’

थांबा! नेमकी हीच चूक आमच्या घरी झाली. बाबांच्या माघारी त्यांच्या रशियन झेनिटमध्ये आम्ही शिलाई मशीनचे तेल सोडले. दोन दिवस कडी लोण्यासारखी फिरली. आठवड्याने पाहतो तो आतली पाती तेलाने एकमेकांना चिकटलेली! बाबांची आठवण आपल्याच हाताने बिघडवली, या विचाराने आईचे डोळे भरून आले.

कडी घट्ट का होते? लेन्समध्ये एक नळी दुसरीत आट्यांवर फिरत पुढेमागे सरकते. या आट्यांमध्ये घट्ट वंगण असते. वर्षे उलटली की त्यातले तेल सुटते आणि मागे चिकट गाळ उरतो. त्यात दिल्लीचा उन्हाळा आणि धूळ! थंडीत तर हा गाळ आणखीच आवळतो.

शेवटी आम्ही चांदणी चौकातल्या कूचा चौधरीत गेलो. कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गल्लीत दुरुस्ती करणारे कारागीरही आहेत. काम वरवर सोपे, पण अतिशय नाजूक. आटे नेमके कुठे सुटले, त्या जागी आधी खूण करावी लागते; कारण या आट्यांची तोंडे अनेक असतात. चुकीच्या तोंडाला जोडले, तर दूरचे दृश्य कधीच स्पष्ट येत नाही. जुना गाळ धुऊन नव्या वंगणाचा अगदी पातळ थर देतात. पाती मात्र कोरडीच ठेवतात.

तुम्हीही एवढे लक्षात ठेवा :

* कडी जोराने फिरवू नका, तेल किंवा फवारा मारू नका.
* खर्च आधी विचारा. परत घेताना जवळची आणि दूरची वस्तू स्पष्ट दिसते का, ते पाहा.
* चामड्याच्या पिशवीत ओल धरते आणि काचेवर बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.
* महिन्यातून एकदा कड्या हलक्या हाताने फिरवा.

जुन्या कॅमेऱ्यांची गोडी लागली, तर मुलांना गुरुग्रामचे 2019 साली सुरू झालेले ‘म्युझिओ कॅमेरा’ संग्रहालय जरूर दाखवा. होमाई व्यारावाला यांनी याच दिल्लीत 1942 ते 1970 या काळात देशाचा इतिहास टिपला, हेही त्यांना सांगा.

बाबांची लेन्स आता अडॅप्टर लावून नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालते. मुलीने तिने पहिला फोटो काढला तो आजीचा. आजी म्हणाली, ‘‘तुझे आजोबाही असेच ‘हलू नकोस’ म्हणायचे!’’