मुंबई-पुणे सायकल शर्यत: पनवेलला जो पुढे, तोच जिंकणार का?

सहसा नाही. खोपोलीपर्यंत रस्ता बराचसा सपाट आहे. इथे पुढचा सायकलपटू वारा कापतो. त्याच्या मागे चिकटून चालवणाऱ्याची सुमारे एक तृतीयांश ताकद वाचते.

खरी चाळण बोरघाटात लागते. चढावर वेग घटतो, त्यामुळे आडोशाचा फायदाही कमी होतो. तिथे वजनाच्या मानाने कोणाच्या पायात किती ताकद आहे, ते कळते.

मात्र ‘घाटाचा राजा’ही पुण्यात हरू शकतो. लोणावळ्यानंतर ६० किलोमीटरहून अधिक अंतर उरते. मागचा गट आळीपाळीने वारा कापत एकट्या सायकलपटूला गाठतो.

अपवादही आहेत. झ्युरिकच्या २०२४ च्या जागतिक स्पर्धेत तादेय पोगाचार सुमारे १०० किलोमीटर आधीच सुटला आणि जिंकलाही.

म्हणून पनवेलला पहिला कोण, यापेक्षा गटात दडून ताकद कोण राखतोय, ते पाहा.